अलम, पीर, सवारी : दख्खनी मोहरमचे अर्थांतर

'हैदोस घालणे' हा वाक्प्रचार मराठीत अनावर आरडाओरड आणि बेबंद धिंगाणा या अर्थाने रूढ आहे, आणि त्याला आणखी जोर द्यायचा झाल्यास 'हैदोसधुल्ला' असे त्याचे लांबवलेले रूप केले जाते. परंतु या दोन्ही शब्दांचा माग काढला, तर तो मोहरमच्या मिरवणुकीत उठणाऱ्या 'हाय दोस्त' आणि 'दूल्हा' या आक्रोशापर्यंत, म्हणजे रणात पडलेल्या आप्तासाठी फोडलेल्या हंबरड्यापर्यंत जाऊन पोहोचतो. मतदानाच्या आदल्या रात्रीला मराठी वृत्तपत्रे 'कत्तलची रात्र' म्हणतात आणि त्याआधी 'प्रचाराचे ताबूत थंडावले' असे छापतात, तेव्हा पहिला शब्द मोहरमच्या नवव्या व दहाव्या दिवसांमधल्या रात्रीचा आणि दुसरा शवपेटीचा आहे, याची आठवण लिहिणाऱ्याला नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. इंग्रजांचीही गत वेगळी झाली नाही. 'या हसन, या हुसेन' ही आरोळी त्यांच्या फौजेतील शिपायांच्या कानांत 'हॉब्सन-जॉब्सन' अशी उतरली आणि १८८६ साली यूल व बर्नेल यांनी हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा मोठा कोश सिद्ध केला, तेव्हा त्याला हेच विद्रूप नाव दिले. परक्या भूमीतला एक शोकदिन उचलला जातो, त्याचे विधी हौसेने पाळले जातात आणि मूळ प्रसंग मात्र वाटेत कोठेतरी गळून पडतो, या प्रक्रियेचा दख्खनमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घ नमुना म्हणजे हैदराबादचा आणि हैदराबादच्या मुलखातल्या खेड्यांचा मोहरम होय.

मूळ प्रसंग थोडक्यात असा की, हिजरी सन ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे इ. स. ६८० च्या ऑक्टोबरात, इराकमधील करबला येथे प्रेषित महंमदांचे नातू इमाम हुसेन यांना उमय्या खलिफा यझीद याच्या सैन्याने गाठले, फुरात नदीचे पाणी त्यांच्या तळाला तोडले आणि परंपरेने बहात्तर मानल्या गेलेल्या साथीदारांसह त्यांना ठार केले. या दहाव्या दिवसाला अरबीत 'आशूरा' म्हणतात. शिया पंथाच्या धार्मिक जीवनाचा तो गाभा असून त्या दिवशी आनंदाची कोणतीही खूण चालत नाही. हुसेन यांचे सावत्र भाऊ आणि ध्वजधारी अब्बास हे तहानलेल्या मुलांसाठी पाणी आणायला गेले असता त्यांचे दोन्ही हात तोडले गेले, अशी कथा आहे. त्यांच्या ध्वजाचे प्रतीक म्हणून काठीवर बसवलेले धातूचे जे चिन्ह मिरवले जाते, त्याला 'अलम' म्हणतात, आणि या अरबी शब्दाचा साधा अर्थ झेंडा किंवा निशाण एवढाच आहे.

हे निशाण दख्खनमध्ये आले ते दरबाराच्या वाटेने. इराणात १५०१ साली सफवी घराण्याने शिया पंथाला राजधर्म केले आणि त्यानंतरच्या चार दशकांत विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर या तिन्ही दरबारांनी कमीअधिक काळ त्याच पंथाचा अंगीकार केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला या वाटेवर नेणारा शाह ताहिर हा इराणातून आलेला विद्वान होता, तर गोवळकोंड्याच्या कुत्बशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा मुळात इराणच्या हमदान भागातला. त्याच्या घराण्यातील पाचवा सुलतान महंमद कुली कुत्बशहा याने हिजरी सहस्रकाच्या संधीवर, १५९१ च्या सुमारास, मुसी नदीच्या दक्षिण तीरावर हैदराबाद वसवले आणि चारमिनारच्या पाठोपाठ जी पहिली मोठी इमारत हाती घेतली, ती बादशाही आशूरखान्याची. आशूरखाना म्हणजे मोहरमचे दहा दिवस अलम मांडून ठेवण्याची वास्तू. उत्तर हिंदुस्थानात तिला इमामबाडा म्हणतात. निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या तिच्या भिंती आजही इराणी कारागिरीची ओळख पटवतात, जरी १९०८ च्या मुसीच्या पुराने त्यांचा खालचा भाग खराब केला असला तरी.

परंतु इमारत इराणी असली, तरी तिच्यात उमटलेला शब्द इराणी राहिला नाही. महंमद कुलीने करबलेवरचे शोककाव्य, म्हणजे 'मर्सिया', फारसीबरोबरच दख्खनी भाषेतही रचले. आणि दख्खनी ही 'नक्को' म्हणणारी, शब्दाला 'च' जोडून ठासून सांगणारी, म्हणजे मराठीच्या मांडीवर वाढलेली भाषा असल्याने बाजारातल्या, पागेतल्या आणि शेतातल्या माणसाला हुसेन यांचे नाव स्वतःच्या बोलीत ऐकू आले. याच सुलतानाने नौरोजवरही, म्हणजे वसंतसंपाताच्या दिवशी येणाऱ्या इराणी नववर्षावरही, कविता केल्या होत्या. तो सण मात्र दरबार आणि काही शिया घराणी यांच्यापलीकडे गेला नाही. दोन्ही सण एकाच जहाजातून उतरले असे म्हटले, तर एक बंदरावरच्या वाड्यातच राहिला आणि दुसरा कोरडवाहू मुलखातल्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचला. याचे कारण नौरोजला गावाकडे न्यावे असे काही नव्हते, कारण नवे वर्ष गावाकडे आधीच होते. मोहरमजवळ मात्र मिरवता येईल, धुता येईल, सजवता येईल आणि ज्यापुढे नवस बोलता येईल अशी वस्तू होती.

अर्थ बदलण्याची सुरुवात खेड्यातल्या अडाण्यांनी केली, असा एक सोयीस्कर समज आढळतो. वस्तुस्थिती अशी की ती राजवाड्यात झाली. महंमद कुलीची कन्या हयात बक्षी बेगम हिचा मुलगा अब्दुल्ला, जो पुढे १६२६ ते १६७२ या काळात सुलतान होता, लहानपणी एका हत्तीवर बसला असता तो हत्ती बिथरून त्याला घेऊन रानात पळाला. मुलगा सुखरूप परतला तर हत्तीच्या साखळदंडाच्या वजनाची सोन्याची साखळी आशूरखान्याला वाहीन, असा नवस आईने केला आणि तो फेडला, अशी परंपरा सांगते. या साखळीला 'लंगर' म्हणतात. खंडोबाचे वाघ्ये जी साखळी एका हिसक्यात तोडतात तिलाही मराठीत लंगरच म्हणतात, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. तेव्हापासून मोहरमच्या पाचव्या दिवशी लंगरची मिरवणूक निघू लागली. म्हणजे शोकाच्या दहा दिवसांच्या ऐन मध्यावर राजपुत्र वाचल्याच्या आनंदाचा उत्सव येऊन बसला, आणि पुढे आसफजाही निजामांच्या काळात तर त्याला लष्करी संचलनाचे रूप आले : अरब, रोहिले आणि शीख पथके, अमीर-उमरावांचे हत्ती, घोडे व बँड तासन्‌तास पुढे सरकत आणि इंग्रज पाहुणे सज्जांमध्ये बसून ते पाहत. त्यांपैकी एखाद्याला हा कशाचा सण आहे असे विचारले असते, तर निजामाच्या फौजेचा, असे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले असते.

दरम्यान १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतल्यावर बादशाही आशूरखान्याचा गाडीखाना झाला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम अली खान याने तो पुन्हा उघडून त्याच्या खर्चाची तरतूद केली. निजाम स्वतः सुन्नी होते. त्यामुळे आशूरखान्यांना मिळणारा राजाश्रय हा आता पंथश्रद्धेपेक्षा राज्याच्या परंपरेचा भाग ठरला, आणि सुन्नी राजा शिया विधी पोसतो, हिंदू जमीनदार आपल्या वाड्यात अलम बसवतो, मराठा सरदाराच्या पदरचे लोक मिरवणुकीत चालतात, ही रचना हैदराबादेत अगदी स्वाभाविक वाटू लागली. दबीरपुऱ्यातील 'बीबी का अलावा' येथे असलेला बीबीचा अलम हा या रचनेचा सर्वांत प्रसिद्ध अवशेष आहे. प्रेषितकन्या फातिमा यांना ज्या फळीवर अंत्यस्नान घातले गेले, तिचा तुकडा त्यात बसवलेला आहे अशी श्रद्धा असून आशूऱ्याच्या दिवशी तो हत्तीवरून चारमिनार, गुलजार हौज आणि दारुलशिफा या मार्गाने मुसीकाठच्या चादरघाटापर्यंत नेला जातो. त्याच्यापुढे छाती पिटत, रक्त सांडत चालणारे शिया मातमदार कशासाठी रडत आहेत हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्याच रस्त्याच्या कडेला उभे राहून अलमाला 'दट्टी', म्हणजे नवसाची कापडी पट्टी, वाहणाऱ्या इतर पंथांच्या आणि धर्मांच्या माणसांचे मात्र त्या अलमाशी स्वतःच्या घरातल्या आजाराचे, कोर्टकज्जाचे किंवा पाळण्याचे बोलणे चाललेले असते.

'अलावा' या शब्दाचाच प्रवास पाहावा. मोहरमचा चंद्र दिसला की आशूरखान्यासमोर जो गोल खड्डा खणून त्यात रोज रात्री लाकडे पेटवतात, तो अलावा. परंतु हैदराबादेत हळूहळू खड्ड्याचे नाव वास्तूला लागले आणि जेथे विस्तव पेटत नाही तेथेही अलावाच राहिला. करबलेत हुसेन यांनी तळाच्या पाठीमागे चर खणून त्यात आग पेटवली होती व नंतर त्यांचे तंबू जाळले गेले, असे या विस्तवाचे स्पष्टीकरण दिले जाते. तथापि तेलंगणातल्या गावकऱ्याला या स्पष्टीकरणाची गरज पडली नाही, कारण कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाच्या जत्रेत किंवा वीरभद्राच्या उत्सवात निखाऱ्यांवरून चालणे त्याच्या पूर्वापार परिचयाचे होते. चंद्रदर्शनानंतर पेटीतून काढायची, धुवून पुसून उजळायची, फुलांनी व वस्त्रांनी सजवायची आणि दहा दिवसांनी पाण्यावर न्यायची चांदी-पितळेची मूर्तिसदृश वस्तू. ती हाती धरणाऱ्याच्या अंगात येणारे वारे. त्याच्या तोंडून मिळणारी पुढच्या पावसाची आणि रोगराईची भाकिते. आणि भोवती फेर धरून नाचणारी माणसे : या सगळ्याचे व्याकरण गावाला पाठ होते, फक्त कर्ता नवा होता. तेलुगूत हसन-हुसेन यांना 'अन्ना', म्हणजे थोरला भाऊ, हा प्रत्यय लागून असन्ना-उसन्ना झाले, अलमाला 'पीर' हे नाव पडले आणि सणाचे नाव 'पीरला पंडुगा', म्हणजे पिरांचा सण, असे झाले. पीर म्हणजे वस्तुतः सूफी गुरू किंवा संत. झेंड्याला संत म्हणणे ही भाषेची चूक धरली, तर गावाच्या लेखी ती चूक नव्हती, कारण गावाने झेंडा पाहिलाच नव्हता, देव पाहिला होता.

मराठवाड्यात हाच अलम 'सवारी' झाला. सवारी उठते, सवारी खेळते, सवारी एखाद्याला लागते. या क्रियापदांवरूनच कळते की येथे वाहन आणि वाहक यांचा उलटफेर झाला आहे आणि देव माणसावर स्वार होत आहे. मूल जगावे म्हणून त्याला मोहरमपुरते 'फकीर' करणे, हिरवे कपडे व गळ्यात रंगीत दोरा घालून पाच घरी भिक्षा मागायला लावणे, हा नवस कुणबी घरांतही बोलला जाई, आणि फकिरा, पिराजी अशी नावे मराठी घरांत त्याच भावनेतून रुळली. गुळाचे गोड चोंगे, मलिदा आणि सरबत हे त्या दिवसांचे खाणे. सरबताचा संबंध करबलेच्या तहानेशी आहे हे सांगणारा मुलाणा गावात असे, आणि तो बलुतेदारांच्या यादीतला असल्याने त्याचा हक्क आणि त्याचे काम ठरलेले होते. परंतु सुताराचे डोला बांधण्याचे, हलगीवाल्याचे हलगी वाजवण्याचे आणि पाटलाचे पहिल्या मानाचे कामही तसेच ठरलेले होते, आणि मोहरम हा त्या अर्थाने एका धर्माचा राहिला नसून गावगाड्याचा झाला होता.

या बदलाचे सर्वांत विस्तृत जुने वर्णन जाफर शरीफ याच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात मिळते. जाफर शरीफ हा एलुरूचा. त्याचा ग्रंथ हर्क्लॉट्स या लष्करी डॉक्टराने इंग्रजीत आणून १८३२ साली लंडनला प्रसिद्ध केला. अंगाला पट्टे रंगवून वाघ होणारे, नाना तऱ्हेचे फकीर बनून सोंगे काढणारे, घोड्याच्या नालाच्या आकाराचा 'नालसाहेब' घेऊन धावत सुटणारे आणि अलाव्याभोवती काठ्या फिरवत 'दूल्हा, दूल्हा' ओरडणारे लोक त्यात एकामागून एक येतात, आणि ग्रंथकार हे सारे फारशा रागाविना, जणू ऋतुमानाचे वर्णन करावे तसे, सांगत जातो.

यांतला 'दूल्हा' हा शब्द या संपूर्ण अर्थांतराची किल्ली ठरावा. हुसेन यांचा पुतण्या कासिम याचे लग्न करबलेच्या रणातच, मृत्यूच्या आदल्या घटकेला, हुसेन यांच्या मुलीशी लागले, ही कथा सुरुवातीच्या वृत्तान्तांत नाही. तिला खरी प्रसिद्धी मिळाली ती हेरातच्या हुसेन वाइझ काशिफी याने १५०२ च्या सुमारास लिहिलेल्या 'रौजतुश्शुहदा' या फारसी ग्रंथामुळे. हैदराबादच्या शिया घरांत आजही मोहरमच्या सातव्या दिवशी कासिमची मेंदी निघते, आणि हळद उतरण्याआधी विधवा झालेल्या नवरीच्या आठवणीने बायका रडतात. हीच कथा शियांच्या वर्तुळाबाहेर गेली तेव्हा तिच्यातले रडणे मागे राहिले आणि लग्न पुढे गेले. दख्खनच्या जत्रेत देवाचे लग्न हा मध्यवर्ती प्रसंग असतो : मल्लन्नाचे कल्याणम्, खंडोबा-म्हाळसेचे लग्न, गावोगावच्या भैरोबांची हळद. अशा मुलखात 'नवरदेव, नवरदेव' अशी आरोळी देत सजवलेला देव वाजतगाजत येत असेल, तर त्या मिरवणुकीत रडावे असे कोणाला का वाटावे? हाय दोस्त, दूल्हा हा आक्रोश वरातीतला जल्लोष झाला, आणि जल्लोष वाढत वाढत मराठीत हैदोसधुल्ला होऊन बसला.

तरीही मूळ अर्थ पूर्णपणे अज्ञात होता असे म्हणता येत नाही. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात मोहरममध्ये गायल्या जाणाऱ्या 'रिवायती', म्हणजे करबलेचे प्रसंग सांगणारी लोकगीते, हिंदू गायकही म्हणतात; सांगली जिल्ह्यातील कडेगावचे गगनचुंबी ताबूत बांधण्यात आणि उचलण्यात हिंदूंचा मोठा वाटा असतो आणि तेथे कथा ठाऊक नसते असे नाही. फरक एवढाच की ताबूत म्हणजे शवपेटी आणि 'ताजिया' म्हणजे दुखवट्याची भेट हा शब्दार्थ तेथे काम करीत नाही. बांबू आणि रंगीत कागदांची ती मजल्यांमागून मजल्यांची वास्तू पाहणाऱ्याला मखर दिसते, कबर दिसत नाही. आणि शेवटी ते पाण्यावर नेऊन 'थंडे' केले जातात, तेव्हा दफनाच्या जागी विसर्जन आलेले असते. नदीचे पाणी तोडल्यामुळे तहानेने मेलेल्या माणसांचा स्मरणविधी दख्खनमध्ये सर्वत्र नदीत, ओढ्यात किंवा विहिरीवर संपावा, यात जो योगायोग आहे तो मात्र कोणी योजून आणलेला दिसत नाही.

'तुम्ही करता त्याचा अर्थ तुम्हांला माहीत नाही' हा आक्षेप या सणावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सतत घेतला गेला, आणि तो घेणाऱ्यांकडे पाहिले असता त्याचे स्वरूप उलगडते. पुण्यात हिंदू मोठ्या संख्येने ताबूत बसवीत. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर त्यांनी त्यापासून दूर राहावे असा प्रचार सुरू झाला, आणि १८९४ पासून सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवाने मेळे, गाणी, आखाडे आणि विसर्जनाची मिरवणूक हा सारा साज उभा केला, ज्यातले बरेचसे रूप मोहरमच्या टोळ्यांशी मिळतेजुळते होते. हैदराबादेत १८९२ साली स्थापन झालेल्या आर्य समाजाने हिंदूंना पीर सोडायला सांगितले. दसरा आणि मोहरम एकत्र आले की दसऱ्याच्या वाद्यांवर निर्बंध येत. चांद्र महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत असल्याने तेहतीस-एक वर्षांनी तो प्रसंग पुनःपुन्हा येई, आणि त्या काळात या सांगण्याला विशेष धार चढे. दुसऱ्या बाजूने इस्लाममधील सुधारणावादी हेच मुसलमानांना सांगत होते : वाघ होणे, अलाव्याभोवती नाचणे आणि अलमापुढे नवस बोलणे हे धर्मात बसत नाही. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एका मुद्द्यावर एकमत होते, की गावाला अर्थ कळलेला नाही. अर्थ कळवण्याचा परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच, म्हणजे सण सोडण्यात, व्हावा अशी दोघांचीही अपेक्षा होती.

समुद्रापलीकडे सणाचे हे अर्थांतर अधिक टोकाला गेले. गिरमिट्या मजुरांनी त्रिनिदादला नेलेला मोहरम तेथे 'होसे' झाला. १८८४ साली वसाहत सरकारने त्याच्या मिरवणुकांवर बंधने घातली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या मजुरांचा पुढारी हिंदू होता, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बंदी मोडून निघालेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. उसाच्या मळ्यांवर तो वर्षाकाठचा मजुरांचा स्वतःचा असा सर्वांत मोठा उत्सव होता, आणि सरकारला भीती वाटली ती करबलेची नसून मजुरांच्या एकीची.

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भाषेप्रमाणे तीन वाट्यांत विभागले गेले : तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि कन्नड जिल्हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. दख्खनी दरबारांच्या छायेत वाढलेला सणही या तीन राज्यांत वाटला गेला. तेलंगणातल्या गावात तो पिरांचा, मराठवाड्यात सवाऱ्यांचा आणि रायचूर-कलबुर्गीकडे अलाव्याच्या विस्तवावरून नाव पडलेल्या 'अलाई देवरू'चा आहे. संत, स्वार आणि विस्तवाचा देव अशी ही तीन नावे एकाच धातूच्या पात्याची असून त्यांपैकी एकाचाही अर्थ झेंडा असा होत नाही.